एक्केचाळीस रेघा

झलके सरांनी फळ्यावर लिहिलं:
एका पेटीत दोनची आणि पाचची मिळून
सत्तेचाळीस नाणी, एकूण रुपये एकशे साठ,
तर पाचची किती?
मी विचारलं, सर, ज्यानं रुपये मोजले
त्याला नाणी दिसली नाहीत का?
वर्ग हसला. सरही हसले,
खडूचा हात शर्टाला पुसून म्हणाले,
क्ष मान. मानायला काय जातं?

समज, सगळी दोनचीच.
चौऱ्याण्णव झाले. उरले सहासष्ट.
प्रत्येक पाचचं नाणं
तीन रुपये पोटात दडवून बसलंय.
बावीस.

आमची गिरणी आर्णी रस्त्याला, लिंबाखाली.
लहान डबा दोन, मोठा पाच.
लाईन आली की अर्धं गाव डबे घेऊन धावायचं
आणि बाबा, भुवयांपर्यंत पांढरे,
दळण उतरलं की कोळशानं
भिंतीवर एक रेघ ओढायचे.
चिल्लर गल्ल्यात.
सांजेला सुराणाच्या दुकानी तिच्या नोटा व्हायच्या,
घरी यायचा नुसता आकडा.

तेव्हा कळलं, पेटी ही अशी असते.
रेघा माहीत, रुपये माहीत,
नाणी केव्हाच दुसऱ्याच्या हातात.

मग रोज रात्री मी कंदील घेऊन भिंतीपुढे.
सोमवारी बावन्न रेघा, एकशे अठ्ठावन्न रुपये:
मोठे डबे अठरा.
मंगळवारी एकोणचाळीस, एकशे सतरा: तेरा.
तीननं भाग जायचा, बिनबोभाट,
चाकावर पट्टा बसतो तसा.
मला वाटायचं, गावाचं पोट
माझ्या वहीच्या मागच्या पानावर आहे.

गुरुवारी एक्केचाळीस रेघा.
एकशे बावीस रुपये.
ब्याऐंशी वजा केले, उरले चाळीस.
तेरा त्रिक एकोणचाळीस.
एक राहिला.
रेघा पुन्हा मोजल्या, बोट काळं झालं.
तेरा पूर्णांक एक तृतीयांश माणसं
मोठा डबा घेऊन आली होती म्हणे.

एक रेघ अंगठ्यानं झाकली.
चाळीस मानल्या.
ऐंशी गेले, बेचाळीस उरले, चौदा.
बसलं.

बाबा, एकानं पैसे नाही दिले.
ते पट्ट्याला राळ लावत होते.
‘रेघ म्हंजे दळून देल्लं व.
पैशे घेतले असं कोनं सांगतलं?’
पण कोण?
‘तुह्या गणितात नाव निंगते काय?’

नाही निघत.
आईच्या तोंडून निघालं, भाकर थापता थापता:
सरायची बायको आली होती भर उन्हात.
डबा मोठा, गहू अर्धा.
शाळेले अनुदान नाही,
चौदा महिने झाले पगाराले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नाणी.
सर सांगत होते, नाणं अर्धं नसतं, पाव नसतं.
उत्तर अपूर्णांकात आलं
तर उदाहरण परत वाचायचं.
माझा हात नेहमी पहिला वर.
त्या दिवशी मी खिडकीबाहेरची
पराटीची रास पाहत राहिले.
क्ष मान, सर म्हणाले,
आणि मी पहिल्यांदा
त्यांच्या शर्टाचा खिसा पाहिला.
खडूचा तुकडा होता त्यात.

होळीच्या आधी दोन महिन्यांचा पगार निघाला.
त्या संध्याकाळी सर स्वतः आले,
सायकलवरून, डबा न घेता.
बाबांशी पावसापाण्याचं बोलले,
फाल्गुनात.
गल्ल्यात काहीतरी खळकन पडलं,
बराच वेळ पडत राहिलं.
बाबांनी कोळसा उचलला नाही.

रात्री चव्वेचाळीस रेघा.
एकशे एकसष्ट रुपये.
अठ्ठ्याऐंशी गेले, त्र्याहत्तर.
चोवीस त्रिक बहात्तर.
पुन्हा एक राहिला.

मी उदाहरण परत वाचलं नाही.
कंदील बारीक केला
आणि वही मिटली.